मिशिगनला हरवणारा संघ शेजाऱ्यांकडून दोनदा का हरला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन फुटबॉलमध्ये अ‍ॅपलाचियन स्टेट या छोट्या विद्यापीठाने 2007 साली बलाढ्य मिशिगन विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर हरवलं, पण पुढे आपल्याच सदर्न कॉन्फरन्समध्ये हा संघ दोन सामने हरला आणि तरीही डिसेंबरात राष्ट्रीय विजेता ठरला. मग संघ खरंच भारी होता की मिशिगनचा दिवस वाईट होता? कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय? आणि त्या मोसमातला एकच सामना पाहायचा तर कुठला?

मी मूळचा सांगलीचा. नॉर्थ कॅरोलायनात आल्यावर या खेळाचा नाद लागला आणि गेली सतरा वर्षं इथल्या एका हायस्कूल संघात बचावाचा सहायक प्रशिक्षक म्हणून काम करतो आहे. पोरांना ऑप्शन (चेंडू कोणी न्यायचा हे चाल सुरू झाल्यावर ठरवायचा डाव) कसा अडवायचा हे शिकवण्यात माझे बहुतेक शरद ऋतू गेले, म्हणून तुमच्या प्रश्नाला मी त्याच बाजूने भिडणार आहे. माझं उत्तर आधीच सांगतो. मिशिगनवरचा विजय नशिबाचा नव्हता आणि ते दोन पराभवही अपघात नव्हते. दोन्हींचं मूळ एकाच डावात आहे.

आधी कॉन्फरन्स. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे शेकडो संघ आहेत आणि मोसमात जेमतेम अकरा-बारा सामने होतात, कारण या खेळात अंगाची इतकी झीज होते की आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना खेळताच येत नाही. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्य. म्हणून जवळपासच्या विद्यापीठांनी आपापले गट केले. सदर्न कॉन्फरन्स 1921 सालची. दक्षिणेतल्या या गटाचं नशीब विचित्र आहे. त्यातून बाहेर पडलेले मोठे झाले आणि मूळ घर लहानच राहिलं. 1932 च्या शेवटी 13 संस्था निघाल्या, त्यांची साउथईस्टर्न कॉन्फरन्स झाली. 1953 मध्ये क्लेमसन, ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना वगैरे सात जणांनी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स काढली. आज टीव्हीवर दिसणारी दक्षिणेतली मोठमोठी नावं बहुतांशी याच वाड्यातून वेगळी निघालेली भावकी आहे.

2007 साली उरलेल्या वाड्यात फुटबॉल खेळणारी आठ घरं होती. नॉर्थ कॅरोलायनातली अ‍ॅपलाचियन स्टेट, वेस्टर्न कॅरोलायना आणि ईलॉन, साउथ कॅरोलायनातली वॉफर्ड, फर्मन आणि द सिटाडेल, जॉर्जियातली जॉर्जिया सदर्न आणि टेनेसीतली चॅटनूगा. प्रत्येकाचे इतर सात जणांशी सात सामने. ही अंतरं बसने कापण्याजोगी. एकमेकांच्या गावांतूनच पोरं निवडायची, त्यामुळे या संघातल्या मुलाचा शाळेतला दोस्त समोरच्या संघात असतोच. प्रशिक्षक एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखून असतात. अ‍ॅपलाचियनचे जेरी मूर 1989 पासून तिथे होते आणि वॉफर्डचे माइक एअर्सही आपल्या जागी चांगले मुरलेले. कोल्हापूरकडच्या पहिलवानाला विचारा, बाहेरगावच्या मल्लाला चीत करणं आणि ज्याने तुमचे सगळे डाव लहानपणापासून पाहिलेत अशा शेजारच्या तालमीतल्या गड्याला चीत करणं, यात अवघड काय. तो काय सांगेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

हे संघ तेव्हा पहिल्या श्रेणीतल्या दुसऱ्या फळीत खेळत. या फळीला पूर्वी वन-डबल-ए म्हणायचे, 2006 पासून एफसीएस म्हणतात. मिशिगन वरच्या फळीत. तेव्हाच्या नियमानुसार वरच्या फळीतल्या संघाला 85 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, खालच्याला 63, त्याही तुकडे करून वाटायच्या. हा फरक पहिल्या अकरा खेळाडूंत फारसा दिसत नाही. तो दिसतो चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या पाव भागात, जेव्हा पहिल्या अकरांतला लाइनमन (समोरच्याला अंगाने रेटणारा आघाडीचा गडी) धापा टाकायला लागतो आणि त्याच्या जागी कोणाला पाठवायचं हा प्रश्न पडतो. म्हणूनच मोठे संघ मोसमाच्या सुरुवातीला छोट्यांना पैसे देऊन बोलावतात. मिशिगनने त्या सामन्यासाठी अ‍ॅपलाचियनला 4 लाख डॉलर दिले होते. छोट्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला ही रक्कम मोठी असते. घ्या पैसे, खा मार आणि जा घरी, असा हा रिवाज.

1 सप्टेंबर 2007. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. मैदानात 1,09,218 प्रेक्षक. अ‍ॅपलाचियनचं बून हे गाव ब्लू रिज डोंगरात सुमारे 3,300 फुटांवर, आणि तिथल्या किड ब्रूअर स्टेडियममध्ये तेव्हा 17 हजारसुद्धा आसनं नव्हती. मिशिगनने पहिल्याच चढाईत टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेला; त्याचे सहा गुण. लगेच अ‍ॅपलाचियनच्या डेक्स्टर जॅक्सनने 68 यार्डांचा टचडाउन केला आणि मध्यंतराला फलक होता 28-17, डोंगरातल्या पोरांच्या बाजूने. दुसऱ्या अर्ध्यात मिशिगनचं वजन जाणवायला लागलं. माइक हार्टने 54 यार्ड धावून टचडाउन केला आणि मिशिगन 32-31 असं पुढे गेलं. इथे एक बारकावा आहे. मिशिगनने दोन टचडाउननंतर एका गुणाच्या नेहमीच्या किकऐवजी प्रत्येकी दोन जादा गुणांचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा अ‍ॅपलाचियनच्या बचावाने तो हाणून पाडला. निकाल दोन गुणांनी लागला, हे लक्षात ठेवा.

शेवटच्या दोन मिनिटांत अ‍ॅपलाचियनच्या ब्रायन क्विकने मिशिगनची फील्ड गोल (खांबांमधून मारायची तीन गुणांची किक) अडवली. अ‍ॅपलाचियनकडे टाइमआउट (घड्याळ थांबवायची मुभा) एकही शिल्लक नव्हता. तरीही 71 सेकंदांत 69 यार्ड कापून ज्युलियन राउशने 24 यार्डांवरून फील्ड गोल मारला. 34-32, घड्याळात 26 सेकंद. मिशिगनने एक लांब पास पकडून पुन्हा 37 यार्डांवरून किक लावली आणि कोरी लिंचने ती छातीवर घेतल्यासारखी अडवून उलट दिशेने धूम ठोकली. एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीतल्या वरच्या फळीतल्या संघाला एफसीएस संघाने हरवण्याची ही पहिलीच वेळ. एपीच्या साप्ताहिक क्रमवारीत खालच्या फळीतल्या संघांना जागाच नव्हती. या सामन्यानंतर काही दिवसांतच तो नियम बदलला.

आता तो डाव. मूर यांनी 2004 च्या सुमारास जुना खेळ सोडून स्प्रेड पद्धत घेतली. ती शिकायला त्यांचे सहायक वेस्ट व्हर्जिनियात प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांच्याकडे गेले होते. (मिशिगनचे प्रशिक्षक लॉइड कार त्याच मोसमाअखेर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मिशिगनने आणलं ते याच रॉड्रिगेझना. ज्या विहिरीचं पाणी अ‍ॅपलाचियनने आधीच प्यायलं होतं, तिच्याकडे मिशिगन उशिरा वळलं.) स्प्रेडमध्ये खेळाडू मैदानाच्या रुंदीभर पांगतात. क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चाल चालवणारा खेळाडू, पाच यार्ड मागे उभा राहतो, शेजारी चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक. चेंडू मागे आला की बचावाच्या टोकाच्या गड्याला, म्हणजे डिफेन्सिव्ह एंडला, मुद्दाम कोणीच अडवत नाही. क्वार्टरबॅक त्याच्याकडे बघत चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो. एंड आत घुसला तर चेंडू काढून घेऊन क्वार्टरबॅक स्वतः बाहेरून पळतो. एंड जागेवर थांबला तर चेंडू देऊन टाकतो. म्हणजे समोरच्या एका माणसाला न भिडताच बाद करायचं. ज्याच्याकडे तगडे लाइनमन कमी आहेत, त्या संघासाठी हे वरदान आहे.

हे करायला क्वार्टरबॅक लागतो आर्मांटी एडवर्ड्ससारखा. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनवुडचा हा पोरगा. अंग बेताचंच, पण एंडच्या खांद्याची दिशा वाचून अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायचा. मिशिगनविरुद्ध त्याने 23 पैकी 17 पास पूर्ण करून तीन टचडाउन फेकले आणि एक स्वतः धावून केला. मिशिगनचे एंड आणि लाइनबॅकर (आघाडीच्या मागे उभे राहणारे बचावपटू) त्याच्यापेक्षा धिप्पाड होते, काही पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेले. पण मिशिगनच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये त्या काळी असा खेळ रोजचा नव्हता. पुढच्याच शनिवारी ओरेगनने जवळपास त्याच तऱ्हेचा खेळ करून मिशिगनला 39-7 असं झोडपलं. त्यामुळे 'मिशिगनचा दिवस वाईट होता' हे मला पटत नाही. मिशिगनचा तो डावच कच्चा होता. तो बरा झाल्यावर तेच खेळाडू मोसमाअखेर बोल गेममध्ये (मोसम संपल्यावर निमंत्रणाने होणारा सामना) फ्लोरिडाला हरवू शकले.

आता शेजाऱ्यांकडे या. 22 सप्टेंबरला वॉफर्डने अ‍ॅपलाचियनला 42-31 असं हरवलं. सगळा देश विचारत होता, हे वॉफर्ड कोण? स्पार्टनबर्गमधलं एक छोटं खासगी कॉलेज. विद्यार्थी थोडे, पण फुटबॉलमध्ये ऑप्शन खेळणारं घराणं. ऑप्शन म्हणजे स्प्रेडच्या त्या युक्तीचा आजोबा. तिथेही बचावातल्या एक-दोन गड्यांना मुद्दाम मोकळं सोडतात आणि क्वार्टरबॅक त्यांना वाचत वाचत चेंडू मधून द्यायचा, स्वतः पळायचा की बाजूला फेकायचा, हे ठरवतो. हा खेळ सदर्न कॉन्फरन्सच्या रक्तात होता. जॉर्जिया सदर्नने याच खेळावर तोपर्यंत सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती, द सिटाडेलनेही तो बराच खेळला. म्हणजे या गटातला प्रत्येक एंड, प्रत्येक लाइनबॅकर पहिल्या वर्षापासून एकच गोष्ट घोकत मोठा होतो: तुला कोणी अडवत नसेल तर समज, ते तुला वाचत आहेत. धावू नकोस. तुझ्या वाट्याचा माणूस धर आणि त्याचाच राहा.

मी स्वतः पोरांना हे शिकवतो. सगळ्यात अवघड जातं ते चपळ आणि शूर पोरांना, कारण मोकळं रान दिसलं की त्यांना थांबवत नाही. एका मोसमात आमचा सगळ्यात चांगला एंड मी दोन आठवडे फक्त उभा राहायला शिकवत होतो. चेंडू कुठे आहे ते बघायचं नाही, क्वार्टरबॅकच्या कमरेकडे बघायचं. तिसऱ्या आठवड्यात तो जमला. कॉलेजात तर वेळ आणखी कमी. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमाने सरावाला आठवड्याला 20 तासच मिळतात, त्यातले काही व्हिडिओ पाहण्यात जातात. ज्या संघाला ऑप्शन पहिल्यांदाच दिसतो, त्याच्या राखीव खेळाडूंना तो सरावात खऱ्या वेगाने उभा करता येत नाही. त्यामुळे शनिवारी तो दुप्पट वेगाचा वाटतो. मिशिगनला हे अ‍ॅपलाचियनकडून भोगावं लागलं आणि ऑप्शन ओळखीचा असूनही अ‍ॅपलाचियनचा बचाव त्या दिवशी वॉफर्डसमोर त्याच जागी येऊन उभा राहिला. वर एडवर्ड्स त्या सुरुवातीच्या आठवड्यांत खांद्याच्या दुखण्याने पूर्णपणे उपलब्ध नव्हता, राखीव क्वार्टरबॅक ट्रे एल्डरला उतरवावं लागत होतं. हे कारण खरं, पण मी त्याला दुय्यम मानतो. 42 गुण बचावाने दिले होते.

दुसरा पराभव मला जास्त बोचला. 20 ऑक्टोबरला बूनमध्येच जॉर्जिया सदर्नने 38-35 असं जिंकलं आणि अ‍ॅपलाचियनची घरच्या मैदानावरची सलग 30 विजयांची मालिका तुटली. जॉर्जिया सदर्नने तोवर आपला जुना ऑप्शन सोडून दिला होता, पण त्यांच्याकडे जेसन फॉस्टर होता, अंगाने लहान आणि पायाने वादळी क्वार्टरबॅक. त्या वर्षी खालच्या फळीतल्या सर्वोत्तम आक्रमक खेळाडूचा वॉल्टर पेटन पुरस्कार त्यालाच मिळाला. पुढची दोन वर्षं तो एडवर्ड्सला मिळाला. म्हणजे त्या दुपारी बूनच्या मैदानावर एकाच जातीचे दोन क्वार्टरबॅक समोरासमोर होते आणि दोन्ही बचाव दुसऱ्याला रोखू शकत नव्हते. अशा सामन्यात शेवटी चेंडू कोणाच्या हातात राहतो, एवढंच उरतं.

बाकीचं झटपट. ईलॉनला 49-32, फर्मनला 34-27, द सिटाडेलला 45-24, वेस्टर्न कॅरोलायनाला तब्बल 79-35, चॅटनूगाला 37-17. पाच विजय, दोन पराभव. वॉफर्डचेही पाच-दोन. विजेतेपद दोघांत वाटलं गेलं. गटात एकही संघ अपराजित राहिला नाही हे अनेकांना कमकुवतपणाचं लक्षण वाटतं, मला ते उलट वाटतं. पुरावा लगेच मिळाला: राष्ट्रीय बाद फेरीच्या पहिल्या फेरीत वॉफर्डने मोसमभर अपराजित असलेल्या मोन्टानाला 23-22 असं घरी बसवलं.

बाद फेरी हे तेव्हा या फळीचं वैशिष्ट्य होतं. वरच्या फळीत विजेता क्रमवारी आणि बोल गेममधून ठरायचा. इथे त्या वर्षी 16 संघ होते, हरला की घरी. काही कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट जागा आणि बाकीच्यांची निवड समिती करायची. अ‍ॅपलाचियनला पहिले तिन्ही सामने बूनमध्ये मिळाले, आणि डोंगरातल्या थंडीत ही मोठी गोष्ट आहे. पण ते सोपे गेले नाहीत. जेम्स मॅडिसनविरुद्ध 28-27 अशी आघाडी असताना शेवटच्या मिनिटात पाहुणे गोलरेषेच्या तोंडाशी पोचले होते. साधी फील्ड गोल मारली असती तर अ‍ॅपलाचियनचा मोसम तिथेच संपला असता. त्यांनी आणखी एकदा धाव घेतली, चेंडू हातातून सुटला आणि अ‍ॅपलाचियनने तो उचलला. इथे मात्र नशीब होतं, मी नाकारत नाही. मग ईस्टर्न वॉशिंग्टनला 38-35. उपांत्य सामन्यात वॉफर्डला हरवून आलेल्या रिचमंडला 55-35, आणि त्यात एडवर्ड्सने एकट्याने धावून 313 यार्ड कापले. क्वार्टरबॅकसाठी हा तेव्हा पहिल्या श्रेणीतला विक्रम होता. तुम्ही क्रिकेटवाले असाल तर समजा, यष्टिरक्षकाने सलामीला येऊन त्रिशतक ठोकावं तसं.

14 डिसेंबरला अंतिम सामना चॅटनूगात, फिन्ली स्टेडियमवर. मैदान कॉन्फरन्समधल्याच एका शेजाऱ्याचं, समोर डेलावेअर. डेलावेअरचा क्वार्टरबॅक जो फ्लाको, जो पाच वर्षांनी सुपर बोलचा, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. निकाल 49-21. 2005 आणि 2006 नंतर सलग तिसरं विजेतेपद, या फळीत तोवर कोणालाही न जमलेलं. एकूण 13 विजय, 2 पराभव, आणि ते दोन्ही पराभव शेजाऱ्यांकडून.

हे आकडे पाहून काही जण म्हणतात, कॉन्फरन्सच्या सामन्यांत संघ ढिला पडला होता. मी जवळून पाहिलं त्यावरून मला तसं वाटत नाही. पराभवानंतरच्या आठवड्यांत अ‍ॅपलाचियनने जे दुरुस्त केलं ते डिसेंबरात कामी आलं. बाहेरचे संघ त्यांना जास्तीत जास्त एकदा भेटत होते आणि पहिल्यांदा तो डाव बघत होते. शेजारी मात्र दर वर्षी भेटतात आणि तुमची दुखरी जागा दाबतात. एखाद्या प्रशिक्षकाला स्वतःच्या संघातलं खरं भोक बघायचं असेल तर ते कॉन्फरन्सच्या ऑक्टोबरातच दिसतं, सप्टेंबरातल्या मोठ्या मैदानावर नाही. 2014 मध्ये अ‍ॅपलाचियन वरच्या फळीतल्या सन बेल्ट कॉन्फरन्समध्ये गेलं. जॉर्जिया सदर्नही त्याच वर्षी, त्याच गटात गेलं. अ‍ॅपलाचियनचं 1971 पासूनचं वाड्यातलं बिऱ्हाड हललं, पण भांडण त्यांनी सोबत नेलं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, एकच सामना कुठला पाहायचा. मिशिगनचा सगळे पाहतातच, तोही पाहा. पण खेळ समजून घ्यायचा तर जॉर्जिया सदर्नचा सामना मिळवा. पहिल्या क्वार्टरमध्ये चेंडूकडे बघूच नका. दर वेळी चेंडू मागे जाताना बचावाच्या दोन्ही टोकांकडे नजर ठेवा आणि शोधा, कोणाला कोणीच अडवलेलं नाही. तो माणूस सापडला की त्याच्या पायांकडे बघा. तो आत दोन पावलं गेला तर चेंडू बाहेरून निघणार, जागेवर राहिला तर मधून. सहा-सात चालींनंतर तुम्हाला एडवर्ड्सच्या आधीच कळायला लागेल की चेंडू कुठे जाणार आहे. मग तेच डोळे घेऊन मिशिगनचा सामना पुन्हा लावा आणि त्यांच्या एंडकडे बघा.